सलगम : वनस्पती, भाजी आणि नाव
(शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

गोषवारा

सलगम ही थंड हवेत वाढणारी, मुळासारख्या फुगीर भागासाठी लावली जाणारी भाजी होय. वनस्पतिशास्त्र, युरोपचा इतिहास, संस्कृत धर्मशास्त्र आणि भाषांतर या चारही विषयांच्या अध्यापनात तिचे नाव येते. परंतु ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ही भाजी पाहिलेली नसते. परिणामी तिच्या जागी नवलकोल, मुळा किंवा बीट यांची कल्पना केली जाते आणि विषयाच्या आकलनात दोष शिरतो. प्रस्तुत लेखात सलगमाची शास्त्रीय ओळख, तिच्या नावांचा प्रवास, मराठीतील तिचे स्थान आणि शहापूर-मुरबाड परिसरातील कंदमुळांच्या नावांशी तिची तुलना यांचे विवेचन केले आहे. भाजीचे नाव हा ती भाजी कोणत्या वाटेने आली, रुजली की नाही, याचा पुरावा असतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सलगम, नवलकोल, गृंजन, शिरस, कंदमुळे, वनस्पतिनामे, शहापूर, मुरबाड.

१. प्रस्तावना

भाजी हा विषय स्वयंपाकघराचा, आणि शब्दाची व्युत्पत्ती हा विषय भाषेच्या अभ्यासकाचा, अशी विभागणी आपण सहसा गृहीत धरतो. महाविद्यालयीन अध्यापनात मात्र ही विभागणी टिकत नाही. अकरावीच्या जीवशास्त्रात मुळांच्या रूपांतराचा भाग शिकविताना अन्न साठविणाऱ्या मुळांची उदाहरणे द्यावी लागतात. एन.सी.ई.आर.टी.च्या २००६ साली प्रथम प्रकाशित झालेल्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात यासाठी गाजर, सलगम आणि रताळे ही तीन उदाहरणे दिली होती. इतिहास व अर्थशास्त्राच्या वर्गात इंग्लंडमधील कृषिक्रांती शिकविताना चार पिकांच्या फेरपालटीत सलगम येते. संस्कृतच्या वर्गात मनुस्मृतीतील अभक्ष्य पदार्थांची यादी आली की ‘गृंजन’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न उभा राहतो आणि कोशात एक अर्थ सलगम असा आढळतो. भाषांतर करणाऱ्यास तर हा शब्द वारंवार अडवितो.

शहापूर, मुरबाड आणि भातसा धरणाच्या निमित्ताने वसलेल्या भातसानगरसारख्या वसाहतीच्या परिसरातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी गाजर आणि रताळे चांगले ओळखतो. सलगम त्याच्या घरी शिजत नाही, आठवडे बाजारात सहसा दिसत नाही आणि शेतात लावले जात नाही. मात्र याच विद्यार्थ्याला करांदा, कणगर, कोनफळ, सुरण, शेवळ आणि अळू यांची ओळख पुस्तकाविना असते. म्हणजे ज्या कंदाचे नाव सर्व पुस्तकांत आहे तो त्याने पाहिलेला नाही, आणि जे कंद तो ओळखतो त्यांची नावे क्वचितच पुस्तकात येतात. या विसंगतीचा विचार करण्यासाठी सलगम हे एक सोयीचे निमित्त आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) सलगम या वनस्पतीची शास्त्रीय ओळख स्पष्ट करणे.
२) तिच्या निरनिराळ्या भाषांतील नावांचा प्रवास मांडणे.
३) मराठीत या नावासंबंधी होणाऱ्या गल्लतींची कारणे शोधणे.
४) स्थानिक कंदमुळांच्या नावांच्या नोंदीची आवश्यकता दर्शविणे.

२. सलगम : वनस्पतीची ओळख

सलगम ही मोहरीच्या कुलातील, म्हणजे ब्रॅसिकेसी कुलातील वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव ब्रॅसिका रॅपा असे आहे. लिनियसने १७५३ साली ‘स्पीशिज प्लँटॅरम’ या ग्रंथात ब्रॅसिका रॅपा आणि ब्रॅसिका कँपेस्ट्रिस अशा दोन वेगळ्या जाती नोंदविल्या होत्या. पुढे १८३३ मध्ये मेट्झगर याने त्या एकच आहेत असे मानून रॅपा हे नाव कायम केले. भारतातील जुन्या कृषिविषयक पुस्तकांत कँपेस्ट्रिस हे नाव दीर्घकाळ वापरात राहिल्यामुळे दोन पुस्तकांत एकाच पिकाची दोन शास्त्रीय नावे आढळतात. विद्यार्थ्याने त्यामुळे गोंधळून जाऊ नये.

या जातीचे वैशिष्ट्य असे की, माणसाने तिच्यातून अगदी भिन्न रूपांची पिके घडविली. फुगीर बुडख्यासाठी निवड केली तेव्हा सलगम झाले. बियांतील तेलासाठी निवड केली तेव्हा उत्तर भारतातील सरसों आणि तोरिया झाली. पानांसाठी निवड केली तेव्हा चिनी कोबी झाली. दिसण्यात या तिन्ही पिकांचे काहीही साम्य नाही, परंतु त्यांच्या जननपेशीत प्रत्येकी १० गुणसूत्रे असतात आणि त्यांचा परस्परांशी संकर होऊ शकतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने या जातीची प्रथम लागवड मध्य आशियात, हिंदुकुश पर्वताच्या परिसरात, सुमारे साडेतीन ते सहा हजार वर्षांपूर्वी झाली असावी आणि तिचे आरंभीचे रूप सलगमाचे असावे, असे सुचविले आहे.

मराठी स्वयंपाकघराशी या जातीचे नाते दूरचे वाटले तरी ते प्रत्यक्षात रोजचे आहे. नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने १९३५ साली ब्रॅसिका प्रजातीतील सहा जातींचे परस्परसंबंध एका त्रिकोणाच्या आकृतीने मांडले. त्यानुसार आपण फोडणीत घालतो ती मोहरी, म्हणजे ब्रॅसिका जुन्सिया, ही सलगमाची जात आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झाली. मोहरीच्या जननपेशीतील १८ गुणसूत्रांपैकी १० सलगमाच्या जातीकडून आणि ८ काळ्या मोहरीकडून आलेली आहेत. ज्या घरात सलगम कधी आले नाही, त्या घरातही त्याचा वारसा रोज तेलात तडतडतो.

सलगमाचा खाण्याचा भाग सामान्यतः ‘मूळ’ म्हणून ओळखला जातो. काटेकोरपणे पाहता त्या गोल भागाचा मोठा अंश हा अधराक्षाचा, म्हणजे बीजपत्रे आणि मूळ यांच्यामधील भागाचा असतो. खालचे शेपटीसारखे टोक हेच खरे सोटमूळ. आकारावरून वनस्पतिशास्त्रात मुळ्याला चातीसारखे, गाजराला शंकूसारखे आणि सलगमाला भोवऱ्यासारखे मूळ म्हणतात. वर रुंद, गोलसर आणि खाली एकाएकी निमुळते, असा हा आकार आहे. या आकारासाठी इंग्रजीत वापरली जाणारी ‘नॅपिफॉर्म’ ही संज्ञाच मुळी सलगमाच्या ‘नापुस’ या लॅटिन नावावरून तयार झाली आहे. उदाहरण बाजूला सारले तर संज्ञेचाही अर्थ कळत नाही, अशी ही स्थिती आहे.

पोषणाच्या दृष्टीने कच्च्या सलगमात सुमारे ९२ टक्के पाणी असते. १०० ग्रॅम भागातून सुमारे २८ किलोकॅलरी ऊर्जा आणि सुमारे २१ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. पाने त्याहून अधिक पौष्टिक असून त्यांत कॅल्शियम भरपूर असते. सलगमाची तिखटसर चव गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट द्रव्यांमुळे येते. पेशी चिरल्या की विकराच्या क्रियेने ही द्रव्ये विघटित होतात आणि मोहरीसारखा उग्र वास सुटतो. हवा उष्ण असेल तर हा उग्रपणा वाढतो आणि गर तंतुमय होतो. सलगम कोकणात का रुजले नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथेच आहे.

३. नावांचा प्रवास : पश्चिमेकडे आणि पूर्वेकडे

सलगमाच्या नावांचे दोन मोठे प्रवाह दिसतात. पहिला युरोपचा. लॅटिनमध्ये या भाजीस ‘रापुम’ किंवा ‘रापा’ आणि ‘नापुस’ अशी नावे होती. ‘रापा’शी नाते सांगणारे शब्द ग्रीक, जर्मन आणि स्लाव्ह भाषांतही आढळतात, रशियन भाषेतील ‘रेपा’ हा त्यांपैकीच एक. ‘नापुस’पासून फ्रेंच ‘नाव्हे’, पोर्तुगीज ‘नाबो’ आणि जुन्या इंग्रजीतील ‘नेप’ हे शब्द झाले. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत या ‘नेप’ला ‘टर्न’ हा शब्द जोडला जाऊन ‘टर्निप’ हे रूप तयार झाले. कातावर फिरवून घडविल्यासारखा तिचा गोल आकार हे या जोडणीचे कारण असावे, असे सामान्यतः मानले जाते.

नाव एक आणि वनस्पती दोन, असा प्रकार युरोपातही घडला. रुटाबागा किंवा स्वीड या नावाची पिवळसर गराची भाजी ही सलगमाची जात आणि कोबीची जात यांच्या संकरातून झालेली, ब्रॅसिका नॅपस या वेगळ्या जातीची आहे. तरीही स्कॉटलंडमध्ये ‘नीप’ म्हणताच ही स्वीडच समजली जाते. पहिल्या महायुद्धात १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत बटाट्याचे पीक बुडाले आणि जनतेला गुरांच्या चाऱ्यासाठी लावलेल्या रुटाबागावर दिवस काढावे लागले. इंग्रजी पुस्तकांत या काळास ‘टर्निप विंटर’ म्हणतात. त्यावरून मराठीत ‘सलगमाचा हिवाळा’ असे लिहिले तर मूळ जर्मन वस्तुस्थितीपासून आपण दोन पायऱ्या दूर जातो. म्हणजे नावांची गल्लत ही केवळ आपल्याकडील उणीव नव्हे.

दुसरा प्रवाह इराणचा. फारसीत या भाजीस ‘शलगम’ म्हणतात. त्यातील ‘ग’ घशातून उच्चारला जातो. अरबीत हा शब्द गेला तेव्हा तेथे ‘सलजम’, ‘शलजम’ अशी रूपे झाली. इराणी शब्दातील ‘ग’च्या जागी अरबीत ‘ज’ येणे हे नेहमीचे आहे. फारसी ‘गौहर’ अरबीत ‘जौहर’ झाला आणि त्याच्याच अनेकवचनापासून आपला ‘जवाहीर’ हा शब्द आला. हिंदीतील ‘शलगम’ आणि ‘शलजम’ या जोडरूपांचा उलगडा या नियमाने होतो. मराठीत तालव्य ‘श’च्या जागी दंत्य ‘स’ येऊन ‘सलगम’ हे रूप अधिक रूढ झाले.

हे फारसी नाव उत्तर भारतात राजदरबाराच्या आणि बागाइतीच्या वाटेने स्थिरावले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तील भाजीपाल्याच्या दरांच्या यादीत कांदा, लसूण यांच्याबरोबर सलगमाचीही नोंद आहे. परंतु जेथे ही भाजी लोकांच्या शेतात खऱ्या अर्थाने रुजली, तेथे तिला देशी नावे मिळाली. पंजाबीत ती ‘गोंगलू’ आहे, काश्मिरीत ‘गोगजी’ आहे. काश्मिरात मांसासह रात्रभर मंद आचेवर शिजविल्या जाणाऱ्या ‘शब देग’ या पदार्थात सलगमाला मानाचे स्थान आहे. ‘शब’ म्हणजे रात्र. पंजाबीत वरवरचे काम उरकणाऱ्याविषयी ‘गोंगलूवरची माती झटकणे’ अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. भाजी शेतात असल्याशिवाय तिच्यावरची माती भाषेत येत नाही.

याच कसोटीवर मराठी तपासून पाहावी. ‘गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. ‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण ऐकताच अळू-सुरणाची आठवण होते. सलगमाची म्हण मात्र मराठीत रूढ नाही. शब्द भाषेत आला, पण पीक शेतात आले नाही, याचा यापेक्षा सोपा पुरावा क्वचितच मिळेल.

४. संस्कृत परंपरा : शिरस आणि गृंजन

संस्कृतात सलगमाचे नाव होते काय, हा प्रश्न दोन भागांत पाहावा लागतो. ब्रॅसिका रॅपा या जातीच्या तेलबियांच्या रूपास ‘सर्षप’ हे प्राचीन आणि सुप्रतिष्ठित नाव आहे. त्यापासून हिंदीत ‘सरसों’ आणि मराठीत ‘शिरस’ हे शब्द झाले. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच असलेल्या जातीस मराठीत दोन नावे आहेत : बीसाठी संस्कृतातून आलेले ‘शिरस’ आणि गड्ड्यासाठी फारसीतून आलेले ‘सलगम’. या दोन शब्दांवरून पिकाची दोन रूपे आपल्याकडे दोन वेगळ्या वाटांनी आणि दोन वेगळ्या काळांत परिचित झाली, असे अनुमान काढता येते.

गड्ड्यासाठी संस्कृत शब्द शोधताना ‘गृंजन’ पुढे येतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य पदार्थांत लसूण, गृंजन, कांदा आणि कवक म्हणजे अळंबी यांचा एकत्र उल्लेख आहे. ब्यूलरने १८८६ च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात येथे ‘लीक’ ही कांद्याच्या वर्गातील भाजी घेतली. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या कोशात या शब्दाचा पहिला अर्थ कांद्याचा किंवा लसणीचा एक प्रकार असा असून ‘सलगम’ हा अर्थ पुढे दिला आहे. तेथे एक बारीक खूण आहे, तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. हा अर्थ केवळ कोशकारांनी नोंदविलेला असून साहित्यातील प्रयोगाचा आधार त्यास दिलेला नाही, असे ती खूण सांगते. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यक ग्रंथात तर गृंजन हे गाजराचे नाव म्हणून येते.

एकाच शब्दाचे लसूण, सलगम आणि गाजर असे अर्थ होणे यात कोणाचा अडाणीपणा नाही. भाष्यकार, वैद्य आणि कोशकार आपापल्या प्रदेशात आणि काळात उपलब्ध असलेली भाजी जुन्या शब्दाला जोडत गेले. मनुस्मृतीच्या त्या श्लोकातील संगती पाहता मात्र कांदा-लसणीच्या वर्गातील उग्र वासाची वनस्पती हाच अर्थ अधिक जुळतो. तेथे सरळ ‘सलगम’ असे भाषांतर केले तर प्राचीन भारतात सलगम निषिद्ध होते, असा निराधार निष्कर्ष विद्यार्थी काढील. कोशातील अर्थांच्या क्रमाकडे आणि खुणांकडे लक्ष वेधणे हे येथे अध्यापकाचे काम ठरते.

५. सलगम आणि नवलकोल : मराठीतील मुख्य गल्लत

मराठी वाचकाच्या मनात सलगमाशी सर्वाधिक गल्लत होते ती नवलकोलाची. दोन्ही भाज्या गोल, दोन्हींचा गर पांढरा, दोन्हींची चव कोबी-मुळ्याच्या जवळची. शिवाय नावांचा इतिहासही या गल्लतीस साहाय्य करतो. नवलकोल हा शब्द डच ‘क्नोलकोल’ या शब्दापर्यंत पोहोचतो. इंग्रजी अमदानीत ‘नोलकोल’ या रूपाने तो हिंदुस्थानात पसरला. ‘क्नोल’ म्हणजे गड्डा आणि ‘कोल’ म्हणजे कोबी. मराठी कानाने त्यात ‘नवल’ ऐकले आणि परका शब्द आपलासा केला. या भाजीच्या ‘कोलराबी’ या जर्मन नावातील ‘राबी’ तर ‘रापा’ या सलगमाच्याच लॅटिन नावाचा वंशज आहे. म्हणजे युरोपीय भाषांनीही नवलकोलास ‘सलगमासारखी कोबी’ असेच म्हटले.

परंतु नवलकोल ही कोबीच्या, म्हणजे ब्रॅसिका ओलेरेसिया या जातीची आहे, आणि तिचा फुगलेला भाग हे खोड आहे. तो जमिनीच्या वर वाढतो, त्याच्या अंगावरूनच पाने फुटतात आणि पाने काढल्यावर देठांचे वण त्यावर राहतात. सलगमाची पाने केवळ माथ्यावर झुबक्याने येतात, अंग गुळगुळीत असते आणि बुडाशी सोटमुळाची शेपटी असते. ‘टर्निप’चे भाषांतर ‘नवलकोल’ असे केले की मुळाचे उदाहरण खोडाचे होते. रूपांतरित मूळ आणि रूपांतरित खोड यांतील फरक हाच ज्या पाठाचा गाभा आहे, त्या पाठात ही चूक क्षुल्लक मानता येत नाही.

परदेशी भाज्यांना मराठीने नावे कशी दिली, याच्या तीन रीती यातून स्पष्ट होतात. पहिली रीत, जुने नाव नव्या वनस्पतीस देणे. अमेरिकेतून आलेल्या रताळ्यास कंदासाठी असलेल्या ‘रक्तालु’ या संस्कृत शब्दापासूनचे नाव मिळाले. दुसरी रीत, परके नाव मराठी वळणावर आणणे. नवलकोल हे त्याचे उत्तम उदाहरण, आणि पोर्तुगीज ‘कौव्ह’पासून आलेला मानला जाणारा ‘कोबी’ हाही त्याच वर्गातला. तिसरी रीत, परके नाव जवळजवळ जसेच्या तसे ठेवणे. सलगम या वर्गात मोडते. पोर्तुगीजांकडून आलेला ‘बटाटा’ हाही मूळच्या रूपाजवळच राहिला, जरी ‘बटाटा’ हे आरंभी रताळ्याचे नाव होते. बटाटा आणि कोबी रोजच्या ताटात आले, म्हणून त्यांची नावे परकी वाटत नाहीत. सलगम ताटात आले नाही, म्हणून ते नाव आजही परकेच राहिले.

६. शहापूर-मुरबाड : सलगमाविना शेती, कंदांनी भरलेले रान

सलगमाचा गड्डा उत्तम पोसण्यास साधारणतः १० ते १५ अंश सेल्सिअस तापमान अनुकूल असते. भारतात त्याचे दोन गट मानले जातात. ‘पर्पल टॉप व्हाइट ग्लोब’सारख्या युरोपीय वाणांना बी धरण्यासाठी दीर्घ थंडी लागते, म्हणून त्यांचे बियाणे डोंगराळ थंड प्रदेशात तयार करतात. ‘पूसा स्वेती’सारखे आशियाई वाण त्या मानाने उष्णता सोसतात आणि मैदानातही बी धरतात. दोन्ही गटांचे गुण एकत्र आणण्यासाठी ‘पूसा कंचन’ हा वाण स्थानिक लाल गोल आणि ‘गोल्डन बॉल’ यांच्या संकरातून निर्माण करण्यात आला.

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी असलेल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत पाऊस मुबलक आणि हिवाळा सौम्य व अल्पकाळाचा असतो. खरिपात भात, उतारावर नागली आणि वरी. भात कापल्यावर जमिनीतील ओलीवर वाल किंवा हरभरा. पाण्याची सोय असेल तेथे भेंडी, काकडी, मिरची, अशी येथील पीकरचना आहे. येथे इंग्लंडमधील नॉरफोकच्या फेरपालटीची तुलना उद्बोधक ठरते. अठराव्या शतकात चार्ल्स टाउनशेंड या उमरावाने गहू, सलगम, बार्ली आणि क्लोव्हर या चौकडीचा पुरस्कार केला; त्यामुळे त्यास ‘टर्निप टाउनशेंड’ असे टोपणनाव पडले. सलगमामुळे जमीन पडीक ठेवण्याची गरज उरली नाही आणि हिवाळ्यात गुरांना चारा मिळाला. क्लोव्हर या द्विदल पिकाने जमिनीत नत्राची भर घातली. भाताच्या खाचरात वाल हे द्विदल पीक रिकाम्या जमिनीचा उपयोग आणि नत्राची भर अशी दोन्ही कामे करते. इतिहासाच्या वर्गात सलगमाचे महत्त्व सांगताना ‘आपल्याकडे भातानंतर वाल पेरतात, तशी ही योजना होती, फरक इतकाच की तेथे हिवाळ्यातील चाऱ्याचा प्रश्न मोठा होता’, असे म्हटले की ग्रामीण विद्यार्थ्यास मुद्दा तत्काळ उमगतो.

भाजी म्हणूनही सलगमाची येथे निकड भासली नाही, कारण कंदांची जागा रिकामी नव्हतीच. पहिल्या पावसाबरोबर रानात शेवळ उगवते. ही सुरणाच्याच प्रजातीतील रानटी वनस्पती असून तिच्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खाजतो. म्हणून ती काकड या झाडाच्या आंबट फळांसह शिजवितात. करांद्याच्या वेलीवर पानांच्या बगलेत हवेतच कंद धरतात. त्यातील कडू प्रकार राखेच्या पाण्यात उकडून आणि धुऊन खाण्याजोगा करावा लागतो. कणगर आणि कोनफळ हे करांद्याच्याच डायोस्कोरिया प्रजातीतील, परंतु जमिनीत वाढणारे कंद आहेत. अळूचे पान निराळ्या भाजीचे आणि अळकुडी निराळ्या. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी आणि कुणबी समाजांच्या व्यवहारात ही नावे केवळ ओळखीसाठी नसतात. कोणता कंद केव्हा काढावा, कसा शिजवावा आणि कोणता न शिजविता खाऊ नये, हे ज्ञान त्या नावाला जोडलेले असते. सलगमाचे नाव चुकले तर परीक्षेतील एक गुण जातो. कडू करांद्याचे नाव चुकले तर खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

येथेच या विषयातील खरी चिंता आहे. सलगमाचे नाव कोशांत, विश्वकोशांत, पाठ्यपुस्तकांत आणि बियाण्यांच्या पाकिटांवर सुरक्षित आहे. एका प्रदेशात ते विस्मृतीत गेले तरी दुसरीकडून परत मिळेल. करांद्याच्या प्रकारांची पाड्यापाड्यावरची नावे मात्र मुख्यत्वे बोलण्यात आहेत, आणि ती बोलणारी पिढी वृद्ध होत आहे. रानात जाणे कमी झाले की कंद दृष्टीआड होतो आणि कंद दृष्टीआड झाला की नाव व त्याबरोबरची कृती विसरली जाते.

७. अध्यापनासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, ‘टर्निप’साठी मराठीत ‘सलगम’ हे एकच रूप वापरावे. ‘शलगम’ व ‘शलजम’ ही त्याचीच रूपे असल्याचे एकदा सांगावे आणि ‘नवलकोल’ हा पर्याय कटाक्षाने टाळावा. शास्त्रीय विषयात प्रथम उल्लेखाच्या वेळी ब्रॅसिका रॅपा हे नाव जोडावे.

दुसरी, सलगम उपलब्ध नसल्यास भोवऱ्यासारख्या मुळाचे उदाहरण म्हणून बीट दाखवावे. बीट निराळ्या कुलातील असले तरी तिचाही फुगीर भाग अधराक्ष आणि मूळ यांचा मिळून झालेला असतो. त्याच तासाला नवलकोल शेजारी ठेवून मूळ व खोड यांतील भेद विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावा. रताळे, अळकुडी, सुरण आणि करांदा ही स्थानिक उदाहरणे मांडली तर मूळ, घनकंद आणि वेलीवरील कंद असे प्रकार एकाच टेबलावर दिसतील.

तिसरी, ललित साहित्याच्या भाषांतरात संदर्भ पाहून निर्णय घ्यावा. बालकथेत गड्डा उपटण्याची गंमत महत्त्वाची असेल तर मुळा चालू शकेल. शेती, दुष्काळ किंवा युद्ध यांच्या वर्णनात मात्र सलगमाला सलगमच म्हणावे.

चौथी, वनस्पतिशास्त्र आणि मराठी या दोन विभागांनी मिळून परिसरातील कंदमुळांची नोंदवही करावी. प्रत्येक नोंदीत बोलीतील नाव, ते कोणत्या पाड्यावर वापरले जाते, शास्त्रीय नाव, वनस्पतीचा नमुना, काढण्याचा हंगाम आणि शिजविण्याची रीत असावी. ही माहिती विद्यार्थ्यांच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून मिळेल. त्यांना माहितीदार म्हणून योग्य श्रेय देणे हे अशा कामाचे पहिले पथ्य आहे.

८. समारोप

सलगम हे नाव इराणहून आले, उत्तरेत रुजले आणि मराठीत कोशातला शब्द म्हणून राहिले. त्याच जातीचे तेलबियांचे रूप मात्र ‘शिरस’ या नावाने आपल्याकडे प्राचीन काळापासून परिचित होते, आणि त्याच जातीचा अंश मोहरीच्या रूपाने आपल्या प्रत्येक फोडणीत आहे. ‘गृंजन’ या शब्दाच्या अर्थांतून जुन्या नावाला नवी भाजी कशी जोडली जाते हे दिसते, ‘नवलकोल’मधून परका शब्द घरचा कसा होतो हे दिसते, आणि सलगमाची म्हण नसण्यातून, शेतात न आलेली भाजी भाषेच्या उंबरठ्यावरच कशी थांबते, हे दिसते.

भाजीचे नाव हा अशा रीतीने हवामान, व्यापार, सत्ता आणि स्वयंपाक यांचा संक्षिप्त दस्तऐवज असतो. शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याला सलगम ठाऊक नसणे ही त्याच्या ज्ञानातील उणीव नसून त्याच्या भूमीचे वास्तव आहे. ती अपरिचित भाजी त्याला अचूक समजावून सांगणे आणि त्याला परिचित असलेल्या कंदांची नावे पुस्तकात आणणे, ही दोन्ही कामे महाविद्यालयाच्या कक्षेतील आहेत. त्यांपैकी दुसरे काम अधिक तातडीचे आहे.